वाचकांचे प्रश्न : मोबाइलच्या पडद्यावर क्रमांक कसा दिसावा?

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत : फोनच्या पडद्यावर नंबर जसा दिसतो तसा का दिसतो, आणि तो आपल्या सोयीप्रमाणे दाखवता येतो का? विषय वरवर किरकोळ वाटतो. पण अडतीच्या पेढीवर, दवाखान्यात किंवा परगावी मुलगा असलेल्या घरात योग्य वेळी योग्य नाव पडद्यावर येणे किती मोलाचे असते, हे ही पत्रे वाचताना पुन्हापुन्हा जाणवले. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच प्रश्नांना दिले आहे. पत्रलेखकांची नावे प्रसिद्ध केलेली नाहीत. मेन्यूंची नावे प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये थोडी वेगळी असतात. खाली दिलेले नाव आपल्या फोनमध्ये सापडले नाही, तर 'सेटिंग्ज' उघडून वरच्या शोधपट्टीत तो शब्द लिहावा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्या वहीत सर्व मोबाइल नंबर दोन-दोन अंकांच्या जोड्यांनी लिहिलेले आहेत, कारण आम्ही नंबर तसाच म्हणतो आणि तसाच लक्षात ठेवतो. फोनवर मात्र तो पाच-पाच अंकांत तोडून दिसतो आणि कित्येकदा आधी एक शून्यही असते, जे मी कधीच लिहिलेले नसते. मला जोड्यांनी नंबर पाहता येईल का? – एक वाचक, कोरेगाव

उत्तर : आपण लिहिलेला क्रमांक आणि पडद्यावर दिसणारा क्रमांक या फोनच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दहा अंक साठवता. ते दाखवताना फोन आधी हा क्रमांक कोणत्या देशाचा आहे ते ठरवतो आणि मग त्या देशाच्या रूढ पद्धतीप्रमाणे मध्ये मोकळी जागा सोडतो. अँड्रॉइड फोनमध्ये हे काम गूगलने तयार करून सर्वांना खुला ठेवलेला 'लिबफोननंबर' नावाचा प्रोग्रामसंच करतो. जगातल्या बहुतेक देशांच्या क्रमांकांचे नियम त्यात नोंदलेले आहेत. भारतीय मोबाइलसाठी त्यातला नियम पाच आणि पाच अंकांचा आहे. साताऱ्याच्या लँडलाइनसाठी तोच संच ०२१६२ नंतर तीन-तीन अंक करतो आणि सांगलीच्या ०२३३ नंतर तीन आणि चार. म्हणजे आपल्या फोनने मनाला येईल तसे तुकडे पाडलेले नाहीत. तो एका ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चालतो.

शून्याचेही कारण हेच आहे. देशांतर्गत लांब पल्ल्याच्या क्रमांकाआधी शून्य लावण्याची आपली जुनी पद्धत त्या तक्त्यात नोंदलेली असल्यामुळे देशी स्वरूपात दाखवलेल्या मोबाइल क्रमांकापुढे काही फोन शून्य मांडतात. मोबाइलवरून मोबाइलला फोन लावताना त्याची गरज नसते, मात्र ते असल्याने काही बिघडतही नाही. लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना १५ जानेवारी २०२१ पासून हे शून्य सक्तीचे झाले आहे, त्यामुळे ज्यांच्या घरी अजून लँडलाइन आहे त्यांना पडद्यावरचे ते शून्य उलट उपयोगीच पडेल. ते नकोच असेल तर क्रमांक +९१ लावून साठवावा. मग तो आंतरराष्ट्रीय स्वरूपात, म्हणजे +९१ आणि पुढे पाच-पाच अंक असा दिसतो आणि शून्य जाते.

आता आपला मूळ प्रश्न. जोड्या पाडून दाखवणारी सोय अँड्रॉइडच्या किंवा आयफोनच्या मूळ सेटिंगमध्ये नाही. संपर्क साठवताना आपण स्वतः मध्ये मोकळ्या जागा किंवा आडव्या रेघा घातल्या, तर फोन लावण्यात काहीच अडथळा येत नाही, कारण डायल करताना फोन ही चिन्हे वगळतो. मात्र दाखवताना काही फोन आपली मांडणी राखतात आणि काही पुन्हा पाच-पाच करतात. एका नोंदीवर करून पाहावे. जोड्या टिकल्या तरच बाकीच्यांना हात लावावा. 'फॉसिफाय' या नावाने मिळणाऱ्या मोफत फोन आणि संपर्क ॲपमध्ये क्रमांकाची आपोआप मांडणी बंद करण्याची सोय आहे. ती बंद केली की आपण जसे लिहिले तसेच दिसते. ज्याला जोड्या हव्याच आहेत त्याच्यासाठी मला हाच मार्ग सर्वांत सरळ वाटतो.

आयफोनची मांडणी 'जनरल'मधील 'लँग्वेज अँड रीजन' येथे निवडलेल्या प्रदेशावर अवलंबून असते. परदेशातल्या नातेवाइकाने दिलेल्या आयफोनमध्ये प्रदेश अमेरिका असाच राहिलेला असेल, तर आपले दहा अंक पहिले तीन कंसात, मग तीन आणि मग चार असे अमेरिकी पद्धतीने दिसू शकतात. प्रदेश भारत केला की ही अडचण दूर होते.

एक गोष्ट मात्र आपल्या वहीच्या बाजूने सांगितली पाहिजे. पूर्वी सुरुवातीच्या चार-पाच अंकांवरून क्रमांक कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या विभागाचा हे कळत असे, त्यामुळे ते अंक एकत्र पाहण्यात अर्थ होता. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली आणि त्या अंकांवरून कंपनी ओळखण्याचा भरवसा संपला. म्हणून आज पाचांची मांडणी असो की दोनांची, कसोटी एवढीच की वाचणाऱ्याची चूक होऊ नये. समोरच्याला नंबर सांगताना मात्र जोड्यांनी सांगितल्यावर एकेक अंक सुटा करून पुन्हा सांगावा. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांत इंग्रजी माध्यमातली मुलेच नव्हे, घाईत असलेली मोठी माणसेही चुकतात.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचा हळदीचा व्यापार आहे. पेढीच्या जुन्या वहीतले लँडलाइन नंबर मुलाने मोबाइलमध्ये भरले. आता कोल्हापूरहून एका अनोळखी कार्यालयातून फोन आला की पडद्यावर सांगलीतल्याच एका व्यापाऱ्याचे नाव येते. उलट साताऱ्याला बहिणीच्या घरी लँडलाइन आहे, तिचा नंबर साठवलेला असूनही तिचा फोन आला की नाव येतच नाही. फोन बिघडला आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : फोन बिघडलेला नाही. पत्रातल्या वर्णनावरून मुलाने वहीतले नंबर एसटीडी कोडशिवाय जसेच्या तसे भरले असावेत आणि आपला फोन जुन्या अँड्रॉइडचा असावा, असे दिसते. हा प्रश्न मला मुद्दाम सविस्तर घ्यावासा वाटतो, कारण दोन्ही तक्रारी एकमेकींच्या उलट दिसत असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे.

फोन आल्यावर तो कुणाचा हे ठरवण्यासाठी मोबाइल आलेला क्रमांक आपल्या यादीतील क्रमांकांशी ताडून पाहतो. एकाच व्यक्तीचा क्रमांक कुणी शून्य लावून, कुणी +९१ लावून, तर कुणी काहीच न लावता साठवतो. म्हणून जुन्या अँड्रॉइडमध्ये तुलना शेवटच्या अंकापासून मागे मागे केली जाई. मागून किमान सात अंक जुळले आणि दोहोंपैकी एक क्रमांक तेथेच संपला, तर दोन्ही क्रमांक एकच आहेत असे मानले जाई. सातपेक्षा कमी अंक जुळले, तर मात्र दोन्ही क्रमांक अगदी तंतोतंत सारखे असल्याशिवाय ते एक मानले जात नसत.

आता हा नियम आपल्या दोन शहरांना लावून पाहा. सांगलीचा एसटीडी कोड ०२३३ आणि पुढे स्थानिक क्रमांक सात अंकी. कोल्हापूरचा कोड ०२३१ आणि पुढे तेथेही सातच अंक. सांगलीच्या व्यापाऱ्याचे फक्त सात अंक यादीत आहेत, आणि कोल्हापुरातल्या त्या कार्यालयाचेही शेवटचे सात अंक योगायोगाने तेच आहेत. फोनने मागून सात अंक जुळवले, आपल्या नोंदीतले अंक संपले, आणि कोडमधला ३ आणि १ हा फरक पाहण्याची वेळच आली नाही. म्हणून कोल्हापूरच्या फोनवर सांगलीचे नाव उमटले.

साताऱ्याचा कोड ०२१६२ असा एका अंकाने मोठा आहे, त्यामुळे तेथील स्थानिक क्रमांक सहा अंकीच असतो. शून्य सोडून कोड आणि क्रमांक मिळून दहा अंक व्हावेत, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे. बहिणीचे फक्त सहा अंक साठवलेले असतील तर फोन सहाच अंक जुळवू शकतो. ते सातपेक्षा कमी, आणि आलेला क्रमांक कोडसह असल्यामुळे तंतोतंत सारखाही नाही. म्हणून नाव येत नाही. कराड ०२१६४, फलटण ०२१६६ आणि वाई ०२१६७ येथील लँडलाइन क्रमांकांनाही हेच लागू पडते.

नव्या अँड्रॉइडमध्ये देशाच्या नियमांनुसार पूर्ण क्रमांकांची तुलना केली जाते, त्यामुळे चुकीचे नाव येण्याची शक्यता कमी झाली आहे. पण कोडविना साठवलेल्या अपुऱ्या क्रमांकाला त्यात योग्य नाव मिळण्याचीही खात्री नाही. उपाय दोन्हीकडे एकच आहे. प्रत्येक लँडलाइन क्रमांक +९१, मग शून्य वगळून एसटीडी कोड, मग स्थानिक क्रमांक अशा पूर्ण रूपात साठवावा. सांगलीचा असल्यास +९१ २३३ आणि सात अंक. साताऱ्याचा असल्यास +९१ २१६२ आणि सहा अंक. +९१ नंतर शून्य ठेवू नये. पेढीच्या वहीत शेकडो नोंदी असतील, तर सगळ्या एकाच दिवशी बदलण्याचा हट्ट धरू नये. ज्यांचे फोन रोज येतात त्या आधी कराव्यात.

बहिणीच्या घराची नोंद करताना तिचा मोबाइल आणि लँडलाइन एकाच नावाखाली ठेवून 'मोबाइल' आणि 'होम' असे लेबल लावावे. मग फोन आल्यावर नावाखाली तो कोठून आला हेही दिसते.

प्रश्न : आमचे कुटुंब गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायात आहे. भाऊ कोइम्बतूरला, चुलते लखनौला आणि पुतण्या आता दुबईला गेला आहे. माझ्या फोनमध्ये एकाच माणसाचे दोन-दोन, तीन-तीन नंबर दिसतात. एक +९१ चा, एक शून्याचा, एक नुसता. कोणता ठेवावा? – एक वाचक, विटा

उत्तर : +९१ चा ठेवावा आणि बाकीचे काढावेत. खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक देशभर विखुरलेले असल्याने हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी असणार. पूर्वी परराज्यातला मोबाइल लावताना आधी शून्य लावावे लागे, त्या काळच्या नोंदी अजून अनेकांच्या यादीत तशाच आहेत.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 'ई.१६४' या प्रमाणपद्धतीत देशाच्या कोडसह कोणताही क्रमांक जास्तीत जास्त १५ अंकांचा असू शकतो. आपला भारतीय मोबाइल देशाच्या कोडसह १२ अंकांचा होतो. सुरुवातीच्या अधिक चिन्हाचा अर्थ 'येथून बाहेर जाण्यासाठी जो कोड लागतो तो लावून घे' असा असतो, त्यामुळे अधिक चिन्हाने सुरू होणारी नोंद विट्यातही लागते आणि दुबईतही. पुतण्याच्या फोनमध्ये आपला क्रमांक नुसत्या दहा अंकांत असेल, तर तेथील सिमवरून तो लावताना तेथलाच एखादा स्थानिक क्रमांक समजला जाईल. त्याला आधी हे कळवावे. अधिक चिन्ह उमटवण्यासाठी डायल पॅडवर शून्य थोडा वेळ दाबून ठेवावे.

दुबार झालेल्या नोंदी एकत्र करण्यासाठी गूगलच्या संपर्क ॲपमध्ये 'मर्ज अँड फिक्स' ही सोय आहे. ती वापरण्याआधी सर्व संपर्कांची एक प्रत 'एक्सपोर्ट' करून बाजूला ठेवावी. आणि एकाच आडनावाच्या, एकाच नावाच्या दोन भावकीतल्या माणसांच्या नोंदी फोन सुचवतो म्हणून डोळे झाकून एक करू नयेत.

प्रश्न : आजीने फोन मराठीत करून मागितला. घड्याळ मराठी अंकांत आले, पण फोन नंबर आणि डायल पॅड इंग्रजी अंकांतच राहिले. आजीला इंग्रजी अंक वाचता येत नाहीत. काही करता येईल का? – एक वाचक, कराड

उत्तर : हे पत्र वाचून मनापासून आनंद झाला, कारण आजींनी फोन आपल्या भाषेत मागितला आणि आपण तो करून दिलात.

घड्याळ, तारीख, बॅटरीची टक्केवारी या गोष्टी फोन स्वतः मोजतो आणि मोजलेली संख्या निवडलेल्या भाषेच्या अंकांत लिहितो. मराठीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या भाषाविषयक माहितीसंचात देवनागरी अंक हेच मूळ अंक म्हणून नोंदलेले आहेत, म्हणून घड्याळ बदलले. दूरध्वनी क्रमांक मात्र फोनच्या लेखी संख्या नसून चिन्हांची एक ओळ असते. ती जशी साठवली किंवा नेटवर्ककडून जशी आली, तशीच दाखवली जाते. अँड्रॉइड १४ पासून भाषेच्या सेटिंगमध्ये 'रीजनल प्रेफरन्सेस'खाली अंकपद्धती निवडण्याची सोय आली आहे, पण तिचाही परिणाम पहिल्या प्रकारच्या गोष्टींवर होतो. डायल पॅडवरचे अंक त्याने बदलत नाहीत.

संपर्काच्या क्रमांकाच्या रकान्यात देवनागरी अंक लिहून पाहण्याचा मोह होईल. अँड्रॉइडचा गाभा देवनागरी अंक ओळखून ते बदलून घेऊ शकतो, परंतु प्रत्येक ॲप हे काम नीट करीलच असे नाही, आणि अडचणीच्या वेळी आजींचा फोन लागला नाही तर ते फार महागात पडेल. तो रकाना इंग्रजी अंकांतच ठेवावा.

त्याऐवजी आजींना अंक वाचण्याची गरजच पडू नये अशी व्यवस्था करावी. संपर्कातल्या नावांना देवनागरीत लिहावे, प्रत्येकाचा चेहरा स्पष्ट दिसेल असा फोटो लावावा, आणि नेहमीच्या चार-पाच जणांचे 'डायरेक्ट डायल'चे विजेट मुख्य पडद्यावर ठेवावे. हे विजेट ठेवण्यासाठी मुख्य पडद्यावर मोकळ्या जागी बोट दाबून धरावे, 'विजेट्स' निवडावे आणि त्यात 'कॉन्टॅक्ट्स' शोधावे. फोटोवर एकदा बोट टेकले की थेट फोन लागतो. शेजाऱ्याचा आणि डॉक्टरांचा फोटो विसरू नये. आपत्कालीन ११२ हाही क्रमांक एक संपर्क म्हणून साठवून त्याला ठळक लाल चित्र लावता येते, मात्र चुकून बोट लागणार नाही अशा कोपऱ्यात तो ठेवावा.

येणाऱ्या फोनचे नाव फोनने बोलून सांगावे अशीही सोय आहे. गूगलच्या फोन ॲपमध्ये सेटिंगमध्ये 'कॉलर आयडी अनाउन्समेंट', सॅमसंगमध्ये कॉल सेटिंगमधील 'रीड कॉलर नेम्स अलाउड' आणि आयफोनमध्ये 'अनाउन्स कॉल्स' या नावाने ती सापडेल. अँड्रॉइडमध्ये बोलण्याची भाषा 'टेक्स्ट टू स्पीच'मध्ये मराठी निवडून ठेवावी, नाहीतर देवनागरीतली नावे चमत्कारिक उच्चारांत ऐकू येतात किंवा येतच नाहीत. अक्षरे मोठी करायची असल्यास 'डिस्प्ले'मध्ये अक्षरांचा आकार आणि पडद्याचा आकार असे दोन वेगळे पर्याय असतात. आधी अक्षरांचा आकार वाढवावा, कारण दुसरा पर्याय फार वाढवल्यास बटणे एकमेकांना ढकलू लागतात.

प्रश्न : सेटिंगमध्ये माझा स्वतःचा नंबर 'अज्ञात' दिसतो. समोरच्यालाही तसेच दिसत असेल का? – एक वाचक, पाटण

उत्तर : नाही. तेथे दिसणारा क्रमांक बहुधा सिमकार्डातल्या एका नोंदीवरून घेतलेला असतो आणि अनेक सिमकार्डांत ती नोंद रिकामी असते. समोरच्याला आपला क्रमांक आपला फोन नव्हे, तर नेटवर्क कळवते. आयफोनमध्ये 'माय नंबर' येथे क्रमांक हाताने भरता येतो, पण तो केवळ आपल्याला दिसण्यापुरता असतो.

प्रश्न : मिरजेत आमचे औषधाचे दुकान आहे. एका सिमवर घरचे आणि दुसऱ्यावर दुकानाचे फोन येतात. कोणत्या नंबरवर फोन आला हे चटकन कळत नाही. – एक वाचक, मिरज

उत्तर : 'सेटिंग्ज'मध्ये सिमच्या पानावर जाऊन प्रत्येक सिमला 'घर' आणि 'दुकान' अशी नावे द्यावीत. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तेथेच रंग किंवा चिन्हही निवडता येते. फोन वाजताना आणि आलेल्या फोनच्या यादीत ते नाव दिसू लागते. दोन्ही सिमना वेगळी रिंगटोन देण्याची सोय असेल तर तीही द्यावी. दवाखान्यातून तातडीने आलेला फोन गल्ल्यावर बसल्या बसल्या ओळखता येईल.

प्रश्न : बँकेचा म्हणून फोन येतो आणि नंबर मात्र साधा मोबाइलचा दिसतो. पडद्यावर दिसणाऱ्या नंबरवर किती विश्वास ठेवावा? अनोळखी माणसाचे नाव दिसण्याची सोय आहे का? आणि आपला नंबर लपवता येतो का? – एक वाचक, वाई

उत्तर : पडद्यावर दिसणारा क्रमांक हा सुगावा आहे, पुरावा नव्हे. परदेशातून इंटरनेटमार्गे फोन करून समोरच्याला भारतीय क्रमांक दाखवण्याचे प्रकार मोठ्या प्रमाणावर होऊ लागले, म्हणून असे फोन अडवणारी केंद्रीय यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. तिच्यामुळे बराच फरक पडला असला, तरी देशातल्याच सिमवरून खोटे बोलणारा माणूस तिने अडत नाही.

क्रमांकाच्या सुरुवातीकडे पाहण्याची सवय मात्र अवश्य लावून घ्यावी. १४० ने सुरू होणारे क्रमांक जाहिरातीच्या फोनसाठी राखलेले आहेत. ग्राहकाशी आधीच व्यवहार असलेल्या संस्थांनी सेवेसाठी किंवा व्यवहाराविषयी फोन करावयाचा असल्यास तो वेगळा ओळखता यावा, म्हणून २०२४ मध्ये १६० ही मालिका ठरवण्यात आली, आणि बँका, विमा व गुंतवणूक क्षेत्रातील संस्थांसाठी त्यातील १६०० ने सुरू होणारे क्रमांक आहेत. त्यामुळे एखाद्या साध्या दहा अंकी मोबाइलवरून 'बँकेतून बोलतोय' असे कुणी म्हणाले आणि ओटीपी, कार्डाचा क्रमांक किंवा एखादे ॲप टाकून घेण्याची गोष्ट निघाली, तर फोन ठेवून द्यावा आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. १६०० ने सुरू होणारा फोन असला तरी ओटीपी सांगू नयेच.

पैसे गेले नसले पण फोन संशयास्पद वाटला, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील 'चक्षू' या सोयीत त्याची नोंद करता येते. पैसे गेले असल्यास क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

अनोळखी माणसाचे नाव दाखवणारी जी ॲप्स अनेकजण वापरतात, ती प्रामुख्याने लोकांनी दिलेल्या माहितीवर चालतात. त्यांत दिसणारे नाव कुणीतरी साठवलेले किंवा सुचवलेले असते, पडताळलेले नसते. शिवाय अशा ॲपला आपल्या संपर्कयादीची परवानगी देताना आपण इतरांचीही माहिती देत असतो, याचा विचार व्हायला हवा. याउलट, ग्राहकाने सिम घेताना दिलेल्या अर्जातले नाव नेटवर्कनेच दाखवावे अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली आणि ती सोय टप्प्याटप्प्याने येत आहे. तीत एक अडचण आपल्याकडे हमखास जाणवेल : मुलाचे सिम वडिलांच्या नावावर, सुनेचे सासऱ्यांच्या नावावर, आणि शेतमजुराचे मालकाच्या नावावर, असे अनेक घरांत आहे. फोन एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, असा गोंधळ टाळायचा असेल तर जे सिम जो वापरतो ते त्याच्या नावावर करून घेणे केव्हाही चांगले.

आपला क्रमांक लपवण्याचा पर्याय फोनच्या कॉल सेटिंगमध्ये 'कॉलर आयडी' या नावाने दिसतो, परंतु भारतात ही सेवा सर्वसामान्य ग्राहकाला दिली जात नाही, त्यामुळे तो पर्याय निवडूनही उपयोग होत नाही. माझ्या मते हे योग्यच आहे. आपल्याला त्रास देणाऱ्यालाही क्रमांक लपवता येत नाही, हा त्याचा लाभ लहान नाही.

प्रश्न : मुलगी पुण्यात कंपनीत आहे. तिच्या कार्यालयाचा नंबर लावला की आधी ध्वनिमुद्रित सूचना येते आणि मग विस्तार क्रमांक दाबावा लागतो. माझ्या हाताला कंप असल्याने तोवर वेळ निघून जातो. विस्तार क्रमांक नंबरातच साठवता येईल का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : येईल. संपर्कात कार्यालयाचा पूर्ण क्रमांक लिहावा, पुण्याचा असल्यास +९१ २० आणि पुढे आठ अंक. त्यानंतर स्वल्पविराम घालून विस्तार क्रमांक लिहावा. अँड्रॉइडमध्ये क्रमांक लिहिण्याच्या कीपॅडवर चिन्हांचे बटण दाबल्यावर 'पॉज' आणि 'वेट' असे पर्याय मिळतात. आयफोनच्या डायल पॅडवर तारांकन दाबून धरल्यास स्वल्पविराम आणि हॅश दाबून धरल्यास अर्धविराम उमटतो. एका स्वल्पविरामाने फोन साधारण दोन सेकंद थांबतो आणि मग पुढचे अंक आपोआप पाठवतो. सूचना लांब असेल तर दोन-तीन स्वल्पविराम सलग घालावेत. सूचना किती वेळ चालेल याचा नेम नसल्यास स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम घालावा. मग फोन थांबून राहतो आणि पडद्यावर विचारणा करतो, आपण एकदाच बोट टेकले की विस्तार क्रमांक जातो. आपल्या हाताचा विचार करता अर्धविरामाची पद्धत अधिक सोयीची ठरेल, कारण तीत घाई करावी लागत नाही. ही नोंद मुलीच्या नावाखाली 'वर्क' या लेबलाने ठेवावी आणि तिचा मोबाइल 'डीफॉल्ट' करून ठेवावा, म्हणजे नावावर बोट टेकल्यावर आधी मोबाइल लागेल आणि कार्यालयाचा फोन हवा तेव्हाच निवडता येईल.